हाडं ठिसूळ आहेत का? एक्स-रेमध्ये काय शोधायचं, डेक्साचा कागद कसा वाचायचा

मागच्या पावसाळ्यात एक काकू आल्या. वय अडुसष्ट. कापडी पिशवीत तीन-चार जुनी पाकिटं आणि वर एक नवाकोरा रंगीत कागद. "डॉक्टर, पाठ दुखायची थांबत नाही. पण हाडं बरी आहेत म्हणे, नुसती थोडी झीज." कागद डेक्सा स्कॅनचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा होता, दुसऱ्या एका सेंटरवर काढलेला. खाली निष्कर्ष छापला होता: ऑस्टिओपेनिया (घनता थोडी कमी), टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलनेचा आकडा) उणे २.१.

मी कमरेच्या एकेका मणक्याचा आकडा पाहिला. एल-२ उणे २.६, एल-३ उणे २.४, एल-४ उणे २.५. आणि एल-१? उणे ०.९. शेजारच्या तीन मणक्यांची ही गत असताना एकटा एल-१ एवढा मजबूत कसा? काकूंचा बाजूने फोटो काढला. एल-१ पुढून चपटा झाला होता, पाचरीसारखा. मणका दबला की तेवढंच कॅल्शियम कमी जागेत कोंबलं जातं आणि मशीनला तो घट्ट वाटतो. मोडलेल्या हाडाने रिपोर्ट सुधारला होता! एल-१ वगळला की उरलेल्या तिघांची सरासरी येते उणे २.५. म्हणजे रिपोर्टवरचा शब्दच बदलतो: ऑस्टिओपेनियाचा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं.

रेडिओलॉजीत एवढी वर्षं काढल्यावर मी घरच्यांना एकच सांगत असतो: आकड्याआधी फोटो बघा, आणि तोही योग्य फोटो. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने लिहितो. औषध कोणतं घ्यायचं हा भाग तुमच्या डॉक्टरांचा, त्यात मी शिरत नाही.

सुरुवात घरच्या भिंतीपासून

तपासणीला जाण्याआधी आईला किंवा सासूबाईंना अनवाणी भिंतीला टेकून उभं करा. टाचा, कुल्ले आणि जमल्यास डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागला पाहिजे. डोक्यावर एखादं जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. मग तरुणपणीची उंची आठवा. जुना पासपोर्ट, विम्याचे कागद, नोकरीला लागतानाची वैद्यकीय तपासणी, कुठेतरी ती लिहिलेली असते. तेव्हापेक्षा ४ सेंटीमीटर किंवा जास्त उंची घटली असेल, तर मणक्यांचा फोटो काढायला तेवढं कारण पुरतं. डोकं भिंतीला टेकतच नसेल, मान पुढे आणि पाठीला पोक आला असेल, तरीही.

ही खटपट एवढ्यासाठी की मणका मोडला तरी बहुतेकांना कळत नाही. मनगट मोडलं की माणूस ओरडतो, खुबा मोडला की उठताच येत नाही. मणका मात्र पाण्याची कळशी उचलताना, रिक्षा खड्ड्यात आदळताना, नाहीतर नुसत्या खोकल्याने दबतो, आणि "चमक भरली" म्हणून बाम चोळला जातो. एक्स-रेवर दिसणाऱ्या अशा मोडींपैकी जेमतेम एक-तृतीयांशच त्या वेळी डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. आणि नवा मणका दबलेल्या दर पाच बायकांपैकी एकीचा पुढच्या वर्षभरात दुसरा दबतो. म्हणून पहिला सापडायला हवा.

उंचीखेरीज विचारायच्या गोष्टी: पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली का, उभ्याउभ्या पडून आधी हाड मोडलंय का, दमा किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्यात का, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का. यातलं काही नसलं तरी पासष्टीनंतर बाईची आणि सत्तरीनंतर पुरुषाची तपासणी करावी. पुरुषांचं नाव कुणी काढत नाही. वडिलांची पाठ वाकली की "वय झालं" म्हणून मोकळे.

कोणता फोटो काढायचा

नुसता "कमरेचा एक्स-रे" लिहून आणला तर बऱ्याचदा फक्त कंबर येते. मोडी जास्त होतात त्या छाती आणि कंबर जिथे मिळतात त्या डी-१२ आणि एल-१ भोवती (डी म्हणजे छातीमागचे मणके, एल म्हणजे कमरेचे), आणि दुसरी जागा पाठीच्या मध्यावर, डी-७, डी-८ पाशी. म्हणून पाठ आणि कंबर, दोन्हींचा बाजूने काढलेला फोटो हवा, डी-४ पासून एल-४ पर्यंत सगळे मणके दिसतील असा. समोरूनही एक काढावा, पण मोड ओळखायची ती बाजूच्या फोटोवर.

पेशंट कुशीवर, गुडघे दुमडलेले, कमरेखाली उशी किंवा घडी, म्हणजे कणा टेबलाला समांतर राहतो. हे तंत्रज्ञाचं काम, पण घरच्यांनी आधी सांगितलं की "कंबर खाली झुकतेय, उशी द्या" तर बिघडत नाही. कणा तिरका राहिला की मणक्याच्या वरच्या-खालच्या कडा दुहेरी दिसतात, आणि चांगला मणकाही दबल्यासारखा भासतो. अशी फिल्म वाचायला माझ्या अंगावर काटा येतो. एक गोष्ट मात्र आमच्याच फायद्याची: पाठीचा फोटो काढताना पेशंटला हळूहळू श्वास घेत राहायला सांगितलं तर बरगड्या पुसट होतात आणि मणके उठून दिसतात.

आणि हो, ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला मोबाइलवरचा फोटो पाठवू नका. सीडी मागून घ्या.

फिल्म हातात आल्यावर

पहिला मोह असतो हाडं "काळी" दिसतात का ते बघण्याचा. तो सोडा. साध्या एक्स-रेवर घनता कमी झालेली डोळ्याला कळेपर्यंत ३० ते ४० टक्के खनिज गेलेलं असतं. शिवाय किरण जास्त दिले की सगळ्यांचीच हाडं काळी दिसतात, आणि डिजिटल फिल्मवर संगणक उजेड-अंधार आपल्या मनाने जुळवून टाकतो. रिपोर्टमध्ये "हाडांची घनता कमी वाटते" असं असेल तर ती डेक्सा करून घेण्याची सूचना समजा, निदान नव्हे. तसंच "मणक्यात गॅप आहे" याचा हाडं ठिसूळ असण्याशी संबंध नाही. लोक ज्याला गॅप म्हणतात ती बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली चकती झिजून जागा उलट कमी झालेली असते.

बघायचा तो आकार. प्रत्येक मणका बाजूने साधारण चौकोनी दिसतो. त्याच्या तीन उंच्या मोजायच्या: पुढची, मधली, मागची. हॅरी जेनंट हे रेडिओलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत आजही आम्ही वापरतो. अपेक्षेपेक्षा उंची २० ते २५ टक्के कमी असेल तर सौम्य, २५ ते ४० मध्यम, ४० च्या वर तीव्र. समजा मागची उंची २८ मिलीमीटर आणि पुढची २० भरली. फरक ८, म्हणजे सुमारे २९ टक्के. ही मध्यम मोड. फिल्म लहान छापली असली तरी चालतं, कारण आपण प्रमाण बघतोय. मात्र मधल्या छातीचे मणके मुळातच पुढून किंचित कमी असतात, म्हणून वरच्या-खालच्या शेजाऱ्यांशी ताडून बघायचं. फक्त पुढची उंची कमी असेल तर पाचर, मधली खचली तर दोन्ही बाजूंनी बशीसारखी खोलगट, तिन्ही कमी असतील तर सगळा मणका चिरडलेला.

पण प्रत्येक बुटका मणका मोडलेला नसतो. मणक्याच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाचा मधला भाग खचलेला दिसायला हवा. तरुणपणापासून पाठीत किंचित बाक असलेल्यांचे दोन-तीन मणके सलग सारखेच पाचरीसारखे असतात, त्यांचं वय झाल्यावर कुणीतरी त्यांना "फ्रॅक्चर" ठरवतं.

आता समोरून काढलेली फिल्म. तीत प्रत्येक मणक्याला दोन डोळे असल्यासारखी दोन गोल वर्तुळं दिसतात. दबलेल्या मणक्याचा एक डोळा गायब असेल, घुबडाने एक डोळा मिटावा तसा, तर ही साधी ठिसूळता नाही. कर्करोग तिथे पोहोचला असण्याची शंका घेऊन एमआरआय करावा लागतो. दबलेला मणका एकटाच आणि खूप वर, डी-४ च्याही वर असेल, किंवा वजन घटतंय, रात्री झोपेतही दुखतंय, तेव्हाही हेच.

खुब्याच्या फोटोतल्या रेघा

खुब्याचा एक्स-रे आधीच काढलेला असेल तर तो फुकट घालवू नका. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात हाडाच्या बारीक तुळयांच्या रेघा असतात: दाब सहन करणाऱ्या आणि ताण सहन करणाऱ्या. सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय डॉक्टरांनी १९७० मध्ये या रेघांवरून सहा पायऱ्या ठरवल्या. सहावीत सगळ्या रेघा शाबूत. हाड विरळ होऊ लागलं की आधी दुय्यम रेघा पुसट होतात आणि मांडीच्या हाडाच्या मानेतली रेघांमधली जागा, वॉर्डचा त्रिकोण, रिकामी दिसू लागते. तिसऱ्या पायरीत ताणाची मुख्य रेघ तुटते आणि तिथे ठिसूळता नक्की धरतात. पहिल्या पायरीला दाबाची मुख्य रेघही क्षीण होते.

पद्धत सुरेख आहे, आपल्या मातीतली आहे, पण भरवशाची म्हणाल तर नाही. एकच फिल्म दोघांना दाखवा, एक तीन म्हणेल, दुसरा पाच. डेक्सा मशीन जवळपास नाही तिथे अंदाज घ्यायला ठीक.

अशीच फुकटची दुसरी संधी सीटी स्कॅनमध्ये मिळते. मुतखड्यासाठी पोटाचा साधा सीटी झाला असेल तर रेडिओलॉजिस्टला एल-१ मणक्याच्या मधल्या भागाची हाउन्सफील्ड संख्या (सीटीवरचा घनतेचा आकडा) विचारा. एका मिनिटाचं काम आहे. १६० च्या वर असेल तर सहसा काळजी नाही, ११० च्या खाली असेल तर डेक्साला उशीर करू नका. हाडांसाठी मुद्दाम सीटी मात्र काढू नये.

डेक्साला जाताना

डेक्सा हाही एक्स-रेच, फक्त दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण वापरतो, म्हणजे मांस आणि हाड वेगळं मोजता येतं. किरणोत्सर्ग काही मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दिवसभरात मिळतो साधारण तेवढाच. कमरेच्या साध्या एक्स-रेला याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून डेक्साची भीती नको. मशीनला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना हवा, तो सेंटरवर दाखवायला सांगता येतो.

चोवीस तास आधी कॅल्शियमची गोळी बंद, कारण न विरघळलेली गोळी मणक्यासमोर दिसते आणि हाडात मोजली जाते. बेरियम किंवा कॉन्ट्रास्टची तपासणी झाली असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबा. परकराची नाडी चालते. हूक, सेफ्टी पिन, कमरेची किल्ली काढून ठेवा. ही किल्लीची गोष्ट गंमत म्हणून सांगत नाही. एका आजींच्या एल-४ वर मला चक्क कपाटाची किल्ली सापडली होती.

मोजायचं काय? कणा एल-१ ते एल-४, आणि एक खुबा. खुब्यासाठी पाय आतल्या बाजूला वळवून पट्टीने बांधतात. नीट वळवला तर चित्रात मांडीच्या आतला छोटा उंचवटा जेमतेम दिसतो. तो ठसठशीत दिसत असेल तर पाय बाहेर वळलेला आहे आणि आकडा भरवशाचा नाही. दोन्ही खुब्यांत सांधे बसवलेले असतील, वजन टेबलाच्या मर्यादेपलीकडे असेल किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीचं काम वाढलेलं असेल, तर मनगटाकडचं हाड मोजतात.

शिबिरातली टाच तपासणी वेगळी. गणेशोत्सवात, ज्येष्ठ नागरिक संघात "हाडांची मोफत तपासणी" म्हणून टाच एका डब्यात ठेवतात आणि टी-स्कोअर छापून देतात. तो अल्ट्रासाउंड असतो, एक्स-रे नाही. खालचे निकष त्याला लागू होत नाहीत. त्या चिठ्ठीवरून कुणी औषधं सुरू केली तर थांबवून डेक्सा करून घ्या.

कागद वाचताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये ठरवलेल्या रेषा अशा: टी-स्कोअर उणे १ किंवा त्याहून बरा असेल तर सामान्य, उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पाळी गेलेल्या बायका आणि पन्नाशीपुढचे पुरुष यांच्यासाठीच हे. पस्तिशीच्या मुलीला टी-स्कोअर लावून घाबरवू नये, तिचा झेड-स्कोअर, म्हणजे तिच्याच वयाच्या बायकांशी तुलना, बघायची.

कणा, पूर्ण खुबा आणि खुब्याची मान, यांतला सर्वांत कमी आकडा धरा. वॉर्डच्या त्रिकोणाचा आकडा छापलेला असला तरी त्यावर निदान करायचं नसतं. मग काकूंच्या बाबतीत केलं ते करा: चारही मणक्यांचे आकडे शेजारी लिहा. एखादा शेजाऱ्यापेक्षा एकहून जास्त गुणांनी वेगळा असेल तर कारण शोधा आणि तो वगळा. म्हातारपणी वाढलेली हाडाची टोकं आणि महाधमनीतला कॅल्शियमही असाच आकडा फुगवतो. किमान दोन मणके उरले पाहिजेत, नाहीतर खुब्यावर विसंबा. आणि मणका किंवा खुबा किरकोळ कारणाने मोडलेलाच असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच.

आपल्या लोकांबाबत एक गोम आहे. डेक्सा वरून बघतो, जाडी त्याला कळत नाही. भाकरीची चवड वरून बघा: पाच असोत की आठ, वर्तुळ तेवढंच, पण खालच्या पिठाचं वजन वेगळं. लहान चणीच्या बाईचं हाड पातळ असतं, म्हणून दाटपणा तेवढाच असूनही आकडा कमी येतो. तुलनेसाठी बहुतेक मशीनमध्ये गोऱ्या अमेरिकन तरुणींचे आकडे असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१० मध्ये भारतीयांचे संदर्भ आकडे प्रसिद्ध केले. कोणता संदर्भ वापरला हे कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. चार फूट आठ इंचांच्या आजींचा उणे २.६ आला, मोड एकही नाही, तर तो कोपरा जरूर वाचा.

दाट हाडसुद्धा मोडतं

आकडा चांगला म्हणजे हाड चांगलं, असं नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या माणसाचं हाड एक्स-रेवर खडूसारखं पांढरं दिसतं, डेक्साचा आकडा झकास येतो, आणि तरी ते हाड कच्चं असतं. हाताच्या दोन हाडांमधला पडदा पांढरा झालेला दिसला तर पाणी तपासून घ्या.

मधुमेहातही हीच फसवणूक. टाइप-२ मधुमेहींची घनता सहसा ठीक, कधी जास्तही असते, पण त्याच घनतेला हाड मोडण्याचा धोका इतरांहून अधिक. अशांसाठी काही सेंटरवर डेक्साच्या कण्याच्या चित्रावरूनच टीबीएस काढतात. हाडाची जाळी किती सुसंगत आहे याचा तो अंदाज. जास्त तितकं बरं.

उलटी गफलत ड जीवनसत्त्वाची. ते फार कमी असेल तर हाडं मऊ पडतात आणि डेक्सावर ठिसूळ हाडांसारखाच आकडा येतो. एक्स-रेवर मात्र मांडीच्या हाडाच्या मानेच्या आतल्या कडेला किंवा जांघेच्या हाडात आडवी फट दिसते, दोन्हीकडे सारखी. तिथे आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचं, मग बाकीचं. म्हणून डेक्सासोबत रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन-ईएसआर एवढं तरी असावं.

दहा वर्षांचा हिशोब

हाडं मोडणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचा टी-स्कोअर उणे २.५ पर्यंत पोहोचलेला नसतो. म्हणून शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलेला फ्रॅक्स हा हिशोब करावा. नेटवर मोफत आहे. देश निवडताना भारत निवडा, मग वय, वजन, उंची, आधीची मोड, आईवडिलांचा खुबा, धूम्रपान, स्टिरॉइड, संधिवात (रुमॅटॉइड, गुडघ्यांची झीज नव्हे), दारू आणि खुब्याच्या मानेची घनता भरा. दहा वर्षांत खुबा किंवा एखादं मोठं हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत येते. अमेरिकेत २० टक्के आणि खुब्यासाठी ३ टक्के ही औषधाची रेघ मानतात. ती जशीच्या तशी आपल्याकडे उचलू नका, डॉक्टरांशी बोला. टाइप-२ मधुमेहाचा रकाना त्यात नाही, म्हणून काहीजण त्याऐवजी संधिवाताच्या रकान्यात खूण करतात. आणि माणूस वर्षात किती वेळा पडला, हे फ्रॅक्स विचारतच नाही. ते तुम्ही सांगा.

पुन्हा तपासताना

उपचार सुरू झाल्यावर एक-दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा. त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर, कारण एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. तुलना टी-स्कोअरची नको, ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरची करा. मोजण्यातली नेहमीची चूक धरता कण्यात ५.३ आणि खुब्यात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक हा फरक नसूही शकतो. चांगल्या सेंटरला आपला नेमका आकडा माहीत असतो, विचारा. दोन टक्के घट बघून औषध बदलणं म्हणजे घाई.

काकूंचा वर्षाने पुन्हा स्कॅन केला तेव्हा मी जुना कागद शेजारी ठेवून एल-२ ते एल-४ एवढेच ताडले. आकडा जागच्या जागी होता. बाजूच्या फोटोत नवा मणका दबलेला नव्हता. उंचीची खूण त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर केली होती, नातीच्या खुणांच्या शेजारी.

बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणारं औषध) पाच-सात वर्षं चालू असेल आणि मांडीत किंवा जांघेत कधी नव्हे ते दुखू लागलं, तर गुडघ्याचा फोटो काढून घरी जाऊ नका. दोन्ही मांड्यांचा, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण फोटो मागा. हाडाच्या बाहेरच्या कडेवर चोचीसारखा छोटा उंचवटा दिसला तर हाड आडवं तडकायला लागलेलं असतं. ज्या बाजूला दुखत नाही तिकडेही तो सापडतो. त्या दिवसापासून त्या पायावर वजन टाकायचं नाही, आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जायचं.